वेब विकसनाचे विद्यापीठीय शिक्षण

वेब विकसन, म्हणजेच संकेतस्थळे व ब्राउझरमध्ये चालणारी उपयोजने तयार करण्याचे काम, हा भारतीय विद्यापीठांत सहसा स्वतंत्र पदवीचा विषय नाही. तो संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान व संगणक उपयोजन या पदव्यांचा एक भाग म्हणून शिकवला जातो. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाची माहिती तंत्रज्ञानातील बी.एस्सी. आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची संगणकशास्त्रातील बी.एस्सी. ही त्याची परिचित उदाहरणे होत. पदविका स्तरावर महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमातही त्याचा समावेश आहे.

पार्श्वभूमी

वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन हे विद्यार्थी आणि एरिक बिना यांनी मोझॅक हा ब्राउझर प्रसिद्ध केला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

अभ्यासक्रम

पानाची रचना सांगणारी एचटीएमएल, मांडणी ठरवणारी सीएसएस आणि पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट यांपासून आरंभ होतो. पुढे सर्व्हरवर चालणारी पीएचपी किंवा जावा यांसारखी भाषा आणि डेटाबेस येतात. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक असते व त्यासाठी जर्नल पूर्ण करावे लागते. लेखी परीक्षेत कार्यसंहिता हाताने कागदावर उतरवावी लागते. ब्राउझरमध्ये चूक शोधून ती दुरुस्त करण्याचे कौशल्य त्यातून तपासले जात नाही.

अभ्यासक्रमाची पुनर्रचना काही वर्षांनी होते, साधने मात्र त्याहून लवकर बदलतात. एके काळी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या फ्लॅशला अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० नंतर पाठिंबा देणे थांबवले. याउलट ब्राउझरने विनंती करावी आणि सर्व्हरने उत्तर द्यावे ही एचटीटीपीची मूळ पद्धत आजही कायम आहे. वापरकर्त्याने भरलेली माहिती केवळ ब्राउझरमध्ये तपासून भागत नाही, ती सर्व्हरवरही तपासावी लागते, हा धडाही जुना झालेला नाही.

देवनागरी व मराठी

पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा इंग्रजी मजकुराची असतात. त्यामुळे मराठी संकेतस्थळ घडवताना येणाऱ्या अडचणी विद्यार्थ्यापुढे उशिरा येतात. युनिकोड रुळण्यापूर्वी शिवाजी किंवा श्रीलिपी यांसारखे फाँट वापरून मराठी मजकूर लिहिला जाई. तो फाँट संगणकावर नसेल तर वाचकाला निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडने हा प्रश्न सोडवला, पण त्याचे हिशेब वेगळे आहेत. ‘लक्ष्मी’ या शब्दात वाचकाला दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी असे सात संकेत असतात. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट धरून हा शब्द २१ बाइट व्यापतो. नावाचा रकाना २० बाइटचा असेल, तर लक्ष्मीची वेलांटी त्यात मावत नाही.

अकारविल्हे लावतानाही असाच घोटाळा होतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या संकेतक्रमात तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे. साध्या क्रमवारीने तयार केलेली शब्दसूची त्यामुळे मराठी कोशाशी जुळत नाही आणि भाषेनुसार तुलना करणारी सोय वापरावी लागते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. दुसऱ्या शब्दातील अर्धा ‘र’ एकाहून अधिक प्रकारे टंकित करता येतो. शोधयंत्रणेने हे प्रकार एक मानले नाहीत, तर डोळ्यांना तंतोतंत तोच दिसणारा शब्दही शोधात सापडत नाही.

पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये नोंदवण्यासाठी ‘एमआर’ हा संकेत ठरलेला आहे. दृष्टिहीन वाचकांची स्क्रीन वाचक आज्ञावली या नोंदीवरून योग्य उच्चार निवडू शकते.