गोकर्ण

(सं. अपराजिता, गोकर्णी, शास्त्रीय नाव क्लायटोरिया टर्नेटिया, कुल लेग्युमिनोजी). कुंपणावर चढणारी बारीक खोडाची बहुवर्षायू वेल. संयुक्त पानात बहुधा ५–७ दले. फूल निळे किंवा पांढरे, गाईच्या कानाच्या आकाराचे. नाव त्यावरूनच पडले. पतंगरूप फुलांत मोठी पाकळी सहसा वर असते. येथे फूल उलटे असल्याने ती खाली येते आणि कानाचा भास होतो. कर्नाटकातील गोकर्ण क्षेत्राशी वेलीचा संबंध नाही. तेथील नावामागे गाईच्या कानातून शिव प्रकटल्याची निराळी कथा आहे.

वेलीचे गाईशी नाते नावापुरतेच नाही. गुरे हा पाला आवडीने खातात. त्यात प्रथिने भरपूर असतात, आणि अशा हिरव्या शेंगावर्गीय चाऱ्याने पोट फुगण्याचा धोका येथे फारसा नसतो. क्वीन्सलँडमध्ये (ऑस्ट्रेलिया) कुरणांसाठी तिची मुद्दाम लागवड होते. मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, त्यामुळे वेल जमिनीत गाडल्यास हिरवळीचे खत मिळते. चपट्या शेंगांतील बी व मुळे मात्र तीव्र रेचक असतात.

फुलांचा निळा अर्क लिंबू पिळताच जांभळा होतो. मलेशियात त्याने भात रंगवतात.