पुण्याचा विश्रामबागवाडा : राजवाड्याची झालेली शाळा

पुण्यातील थोरले बाजीराव रस्त्यावर उभा असलेला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी इ. स. १८०७ च्या सुमारास निवासासाठी बांधला. मराठी शिक्षणाच्या इतिहासातही या वास्तूला मोठे स्थान आहे, म्हणून तिचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

वाडा विटा, चुना व सागवानी लाकडाचा असून त्याची रचना चौकांभोवती केलेली आहे. दर्शनी भागी पुढे आलेला नक्षीदार सज्जा हे त्याचे वैशिष्ट्य. सुरूच्या आकाराचे कोरीव खांब पेशवेकालीन सुतारकामाची उत्तम साक्ष देतात.

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली. पेशव्यांच्या काळात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा दिली जात असे. त्या निधीतील काही रक्कम वापरून कंपनी सरकारने इ. स. १८२१ मध्ये या वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. प्रारंभी तिचा लाभ केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांना होता. पुढे ही बंधने शिथिल झाली. इ. स. १८५१ मध्ये पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज स्थापन झाले. तेच पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले आणि इ. स. १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले.

याच वाड्यात नोव्हेंबर १८५२ मध्ये स्त्रीशिक्षणाच्या कार्याबद्दल महात्मा जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे शाल देऊन सत्कार झाला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव त्या वेळी केवळ पंचवीस वर्षांचे होते. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून त्यांना प्रेरणा मिळाली होती. एकाच जातीसाठी उघडलेल्या विद्यालयात, मुलींसाठी व अस्पृश्य मानलेल्यांसाठी शाळा काढणाऱ्या माळी समाजातील शिक्षकाचा गौरव व्हावा, ही लहान घटना नव्हे. अवघ्या एकतीस वर्षांत झालेला हा पालट या वास्तूने पाहिला.

इ. स. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. त्याची पुन्हा उभारणी झाली. पुढे इ. स. १९५९ पर्यंत येथे पुण्याच्या नगरपालिकेचे व नंतर महानगरपालिकेचे कार्यालय होते. आज ही वारसा वास्तू आहे.

पुण्यास जाणारे बहुतेक जण सज्जा पाहून पुढे जातात. आपण गेलात तर क्षणभर थांबावे. शाळेची भिंत कितीही सुंदर असो, तिचे दार कोणासाठी उघडते, यावरच तिचे मोल ठरते, असे आम्हांस वाटते.