सुरतेची वाट, खानदेशचे ताट

खानदेशातील मुसलमानांचा इतिहास लिहायला बसले, की लेखणी आपसूक थाळनेरच्या किल्ल्याकडे वळते. मलिक राजाने १३८२ मध्ये फारुकी राज्याचा पाया घातला. त्याचा मुलगा नासिर खान याने असीरगड घेतला आणि सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड जिंकला आणि शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे 'दानदेश' झाले. एवढे सांगून झाले की आपण वही मिटतो.

हे सगळे खरेच आहे. पण ज्यांनी किल्ला आयुष्यभर बाहेरूनच पाहिला त्यांचे काय? विणकर मोमीन, कापूस पिंजणारे पिंजारी, फळे विकणारे बागवान, सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी, त्यांच्या शेजारचे कुणबी, कोळी, महार, माळी ही माणसे काय खात होती, कामातून चार घटका मोकळीक मिळाली की कुठे जात होती, कशात रमत होती? विरंगुळा हा इतिहासाचा विषयच नव्हे असे आपण धरून चाललो आहोत. राजाने बाग लावली की ती बखरीत जाते. प्रजेने शेताच्या बांधावर हुरडा भाजला तर त्याची नोंद कोण ठेवणार?

तरीही नोंदी सापडतात. त्या शोधायच्या तर किल्ल्यावरून उतरून वाटेवर यावे लागते. ती वाट म्हणजे सुरतेची वाट.

मोगल काळात सुरत हे हिंदुस्थानचे मोठे बंदर होते. दख्खनचे, माळव्याचे आणि खानदेशचे कापड तिथून अरबस्तान-इराणला जाई. हजला निघालेले यात्रेकरूही तिथूनच गलबतात बसत, म्हणून सुरतेला 'बाब-उल-मक्का', म्हणजे मक्केचा दरवाजा म्हणत. त्यांच्यासाठी सुरतेत १६४४ मध्ये मोठी सराई बांधली गेली. ती इमारत आजही उभी आहे आणि तिथे सुरत महानगरपालिकेचे कार्यालय भरते. या सराईकडे जाणारी वाट खानदेशातून जात होती. इंग्रज प्रवासी विल्यम फिंच १६१० मध्ये तिने गेला. त्याने लिहून ठेवलेले टप्पे आपल्या ओळखीचे आहेत: नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, अडावद, यावल, रावेर आणि मग बुऱ्हाणपूर. नंदुरबारजवळ त्याला कबरी, मौजेसाठी बांधलेल्या वास्तू आणि एक सुंदर तलाव दिसला. पाच वर्षांनी, १६१५ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो सुरतेहून निघून शहजादा परवेझच्या भेटीला बुऱ्हाणपुरात पोचला.

पारोळा या जुन्या वाटेच्या दक्षिणेला राहिले. तिथला भुईकोट किल्ला जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधला. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी नाते असल्याने १८५७ च्या उठावानंतर पारोळ्यावर इंग्रजांची वक्रदृष्टी झाली आणि १८५९ मध्ये जहागीर व किल्ला दोन्ही जप्त झाले. आज मात्र सुरतेची वाट पारोळ्यावरूनच जाते. पूर्वी ज्याला आपण सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत होतो आणि ज्याचा क्रमांक आता ५३ आहे, तो सुरतेकडून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव असा नागपूरकडे जातो. वाट दक्षिणेला सरकली, पण समुद्राशी असलेले खानदेशचे नाते तुटले नाही.

आता ताटाकडे वळू. अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त दानदेश सुभ्याचे वर्णन करताना तिथली हवा, तांदूळ, फळे आणि विड्याची पाने यांची तारीफ केली आहे. पण त्याची खरी नजर गेली ती ज्वारीवर. तो सांगतो की इथे मुख्य पीक ज्वारीचे, काही ठिकाणी ती वर्षातून तीनदा निघते, आणि तिचे ताट इतके कोवळे व गोड असते की लोक ते फळासारखे खातात. बादशहाच्या दरबारात बसून लिहिणाऱ्या या विद्वानाने चारशे वर्षांपूर्वी आपल्या शेतकऱ्याचा हिवाळी आनंद टिपून ठेवला आहे. किल्ल्यांच्या यादीत आपण तो वाचायचा विसरलो, एवढेच.

हाच आनंद तापीबरोबर खाली वाहत जातो. आपल्याकडे हिवाळ्यात कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आरावर भाजून, हातावर चोळून हुरडा खातात. सोबत गूळ, शेंगदाण्याची चटणी. सुरतेत त्यालाच 'पोंक' म्हणतात. तिथे तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात आणि त्यासाठी लोक नदीकाठी मुद्दाम सहलीला जातात. धान्य एक, नदी एक, हंगामही एक. भाषा बदलली आणि चटणीच्या जागी शेव आली. हुरड्याला निमंत्रण लागत नाही. शेतमालक कोण, भाजणारा कोण आणि खाणारा कोण हे त्या आरापाशी कुणी विचारत नसे, निदान विचारायची रीत नव्हती.

भरताचेही तसेच आहे. लांबट, हिरवी-पांढरी वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजायची, सोलून ठेचायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालायची, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायचे. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्याला अभिमान वाटला. अभिमान जरूर वाटावा. पण त्या भरतातली मिरची आणि शेंगदाणा मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर येऊन ते देशावर पसरले. म्हणजे ज्याला आपण अस्सल खानदेशी म्हणतो त्याचा अर्धा मसाला समुद्र ओलांडून आला आहे. बुऱ्हाणपूरची प्रसिद्ध मावा जिलेबी घ्या. जिलेबी हे नावच अरबी 'जलाबिया'वरून आले. खवा मात्र इथल्या गाई-म्हशींचा. 'बाहेरून आलेले' आणि 'इथले' यांची वाटणी करायला निघालेल्या माणसाने आधी आपले ताट वेगळे करून दाखवावे.

सुरतेजवळचे रांदेर याची आणखी मोठी साक्ष देते. तापीच्या पलीकडच्या काठावरचे हे जुने मुस्लिम व्यापारी गाव. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी ते लुटले आणि जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. पुढे इथले व्यापारी ब्रह्मदेशात, रंगूनला गेले. ते परतले तेव्हा सोबत तिकडची चव घेऊन आले. ब्रह्मी 'खाउस्वे'चा सुरतेत 'खावसा' झाला आणि रंगूनी पराठा रमजानच्या रात्रीच्या बाजारात तव्यावर चढला. रोजा सोडून तरावीह झाली, की रांदेरच्या गल्ल्यांत गर्दी होते आणि त्या गर्दीत सगळ्या जातीधर्मांचे सुरतकर असतात. पोर्तुगीजांनी गाव जाळले त्याची तारीख इतिहासाच्या पुस्तकात आहे. पराठा तव्यावर कधी पडला त्याची तारीख कुठेच नाही. गाव मात्र आज दुसऱ्या गोष्टीमुळे ओळखले जाते.

आता विरंगुळ्याच्या जागा पाहू. राजेरजवाड्यांच्या जागा ठाऊकच आहेत. बुऱ्हाणपूरसमोर तापीपल्याड जैनाबाद, आणि तिथे 'आहूखाना'. 'आहू' म्हणजे हरीण. मोगल शहजाद्यांची ही शिकारीची आणि सैरसपाट्याची बाग. औरंगाबादेत शाहनवाज खान यांनी अठराव्या शतकात रचलेल्या 'मआसिर-उल-उमरा'त एक किस्सा आहे. दख्खनचा सुभेदार असलेला शहजादा औरंगजेब जनान्यासह या बागेत फिरायला आला असता हिराबाई जैनाबादी हिने त्याची पर्वा न करता उडी मारून आंबा तोडला आणि शहजादा तिच्यावर भाळला. किस्सा किती खरा हे बाजूला ठेवू. ज्याची कठोर म्हणूनच ओळख करून दिली जाते, त्या माणसाच्या आयुष्यातही एक आमराई होती, हे लोकांना सांगावेसे वाटले, हेच महत्त्वाचे.

पण याच बागेची दुसरी आठवणही आहे. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल बुऱ्हाणपुरात वारली आणि तिचे पहिले दफन याच जैनाबादच्या बागेत झाले. सुमारे सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहालाच्या निमित्ताने हे सगळ्यांना पाठ असते. त्याच वेळी सुरतेच्या वाटेवर काय चालले होते? १६३० च्या नोव्हेंबरात पीटर मंडी सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे निघाला. पाऊस पडला नव्हता, भीषण दुष्काळ होता. वाटभर प्रेते पडली होती. नंदुरबारला तंबू ठोकायला मोकळी जागा मिळेना, आणि भुकेली माणसे जनावरांच्या शेणातून न पचलेले दाणे वेचत होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्या ज्वारीला अबुल फज्लने फळ म्हटले, तिचाच एकेक दाणा असा वेचावा लागला. शाहजहानने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटले. दरबारी इतिहासकार ही नोंद गौरवाने करतो. मंडीची वही शेजारी ठेवली, की तो आकडा किती अपुरा होता हे कळते. खाण्यापिण्याचा इतिहास लिहिताना हे पान गाळता येणार नाही. हुरड्याचा आनंद खरा होता, कारण तो दरवर्षी मिळेलच याची खात्री कुणालाच नव्हती.

सामान्यांच्या सहलीची जागा होती उरूस आणि जत्रा. चाळीसगावच्या पीर मुसा कादरी बाबांच्या उरुसात तलवारीची मिरवणूक निघते आणि तीत हिंदू-मुसलमान दोघेही असतात. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. अशा जत्रांत रेवड्या, गोडीशेव, भजी, बांगड्या, पाळणे हे सारे आले. खेळणी मांडणारा आणि बांगड्या भरणारा बहुधा मुसलमान, नारळ-फुले विकणारा हिंदू, आणि उरुसात पुन्हा हीच माणसे. धर्म आपापल्या जागी, धंदा आणि मौज सर्वांची सामाईक. हा सलोखा कुणी व्यासपीठावरून शिकवला नव्हता. पोट आणि पाळणा यांनी तो जमवला होता.

बायकांच्या वाट्याला यातले किती आले, हाही प्रश्न विचारला पाहिजे. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येत, झाडाला झोके बांधत, गाणी म्हणत. खापरावरचे मांडे आणि आमरस होई. ते मांडे भाजणारे हातही बायकांचेच. मुसलमान घरातल्या बाईला घराबाहेर पडायला एक हक्काची जागा होती, ती म्हणजे दर्गा. गुरुवारची हजेरी म्हणजे इबादत आणि विरंगुळा दोन्ही. रेल्वेने खानदेश मुंबईला जोडल्यावर समुद्राकाठचा हाजीअली ही आपल्या कुटुंबांची मोठी सहल झाली: दर्शन, लाटा, शेवटी चौपाटीवरची भेळ. तिथेही २०१२ च्या सुमारास बायकांना मजारीजवळ जायला बंदी झाली. बायकांनी ती न्यायालयात नेली, ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बायका पुन्हा आत गेल्या. मोकळ्या हवेचा हक्क मागावा लागतो, आणि कधी तो आपल्याच माणसांकडून परत घ्यावा लागतो, हा धडाही या इतिहासात आहे.

१९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वेने सुरत अमळनेरशी जोडली. फिंचला जिथे दिवसामागून दिवस लागले तो प्रवास एका दिवसावर आला. आता महामार्गावर धाबे आहेत, आणि धाब्यावर शेवभाजी आहे. पुरुष मंडळी रात्री तिथे जमतात, तर्रीवर वाद घालतात. पण गेल्या काही वर्षांत या वाटेवर नवे प्रश्न ऐकू येऊ लागले आहेत. धाबा कुणाचा? जत्रेत दुकान कुणी लावायचे? कुणाच्या हातचे खायचे? हे प्रश्न परंपरेच्या नावाने विचारले जातात. पण परंपरा काय होती ते तर आपण पाहिले. इतक्या शतकांत ही वाट कापड, यात्रेकरू, मिरची, पराठे आणि भुकेलेले जीव वाहत राहिली. तिने ताट वाटून घेतले, ताट वेगळे केले नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. घरात जी वृद्ध माणसे आहेत, त्यांना किल्ल्यांविषयी विचारण्याआधी खाण्याविषयी विचारा. मोहरमचा खिचडा कुणाकुणाच्या घरी जाई, उरुसात कुणाची बैलगाडी जुंपत, हुरड्याला कुणाच्या शेतात जमत, ईदच्या शिरखुर्म्याची वाटी कोणत्या आळीपर्यंत पोचे, हे लिहून घ्या. पारोळ्याच्या खंदकाची लांबी-रुंदी सरकारी गॅझेटियरमध्ये शोधता येईल. ती वाटी कुठवर पोचत होती, हे त्यांच्याखेरीज कुणालाच सांगता येणार नाही. आणि उद्या कुणी आपल्याला 'तुम्ही इथले कधीपासून?' असे विचारले, तर दाखवायला तीच वाटी कामी येईल.