‘शक्ती’ : पूर्व-पश्चिम की उत्तर-दक्षिण?

फ्यूजनच्या इतिहासात ‘शक्ती विथ जॉन मॅक्लॉफ्लिन’ या ध्वनिमुद्रिकेची नोंद पूर्व-पश्चिम संगमाचा नमुना म्हणून होते. मला ही नोंद अपुरी वाटते.

५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या साउथॅम्प्टन कॉलेजात झालेल्या मैफलीचे हे ध्वनिमुद्रण. कोलंबिया कंपनीने ते १९७६ मध्ये बाजारात आणले. मॅक्लॉफ्लिन तोवर इलेक्ट्रिक गिटारचे दैवत झाले होते. त्यांच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राची ‘बर्ड्स ऑफ फायर’ (१९७३) ‘बिलबोर्ड’च्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत चढली होती. त्या दणदणाटाची चटक लागलेल्या श्रोत्याला आता अकूस्टिक गिटार, व्हायोलिन, तबला, घटम् आणि मृदंगम् ऐकायचे होते. ड्रमसेट नाही, बास नाही. पूर्वीच्या मानाने खप बेताचाच झाला आणि कंपनी गोंधळली. मैफलीतल्या टाळ्या मात्र तबकडीवरच ऐकू येतात. संगीत समोर बसलेल्यांना कळत होते, अडचण दुकानातल्या फळीची होती.

ही मंडळी कोण होती? तबल्यावर माहीमचे झाकीर हुसेन, पंजाब घराण्याचे. व्हायोलिनवर एल. शंकर, घटम् वाजवणारे टी. एच. विनायकराम, मृदंगम् वाजवणारे आर. राघवन, हे तिघे कर्नाटक परंपरेतले. स्वतः मॅक्लॉफ्लिन यांनी अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले होते. म्हणजे संख्येने पाहिले तर पारडे दक्षिणेकडे झुकते! आपल्याकडे एका व्यासपीठावर तबला आणि घटम् ही तेव्हा नित्याची गोष्ट नव्हती. दोन्ही पद्धतींत लय मोजण्याची भाषा वेगळी, बोल वेगळे, हाताचे वळण वेगळे. तिहाईचा तिपदरी हिशोब मात्र दोन्हीकडे आहे. ‘जॉय’ या सुमारे अठरा मिनिटांच्या रचनेत गिटार आणि व्हायोलिन भरधाव धावतात तेव्हा आपले लक्ष त्यांच्याकडेच जाते. पण मला तरी खालचा लयीचा संवाद अधिक दुर्मीळ वाटतो. दुसरी संपूर्ण बाजू व्यापणारी रचना तर एकोणतीस मिनिटांची आहे. रेडिओवर ती कोण लावणार?

पाश्चात्त्य गिटारिस्टाने येथे काय केले, तेही सांगायला हवे. या काळातील त्यांच्या गिटारवर सहा तारांखाली तिरप्या सात तरफेच्या तारा होत्या. गिब्सन कंपनीत एब्राहम वेक्टर यांनी ती घडवली होती. पुढे पडद्यांमधली पट्टी खोलगट केल्यामुळे तार दाबून मींड काढता येऊ लागली. ‘लोटस फीट’ ही धून त्यांनी महाविष्णूच्या ‘इनर वर्ल्ड्स’मध्येही वाजवली, तीही १९७६ मध्येच आली. दोन्ही पाठोपाठ ऐकाव्यात. एकीत तंत्र पुढे येते, दुसरीत धून.

नंतर ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ (१९७६) आणि ‘नॅचरल एलिमेंट्स’ (१९७७) आल्या. तिसरीत आठ आटोपशीर रचना आहेत आणि त्यांतली एक ‘कम ऑन बेबी डान्स विथ मी’ या नावाची! ही तडजोड कोणाच्या आग्रहाने झाली असेल, याचा तर्क वाचकांनी करावा. १९७८ पर्यंत संच विखुरला.

त्यानंतर १९९७ मध्ये ‘रिमेम्बर शक्ती’ उभी राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘धिस मोमेंट’ला ग्रॅमी मिळाले तेव्हा मूळ संचातले मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन दोघेच होते, तालवाद्यांवर विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वगणेश होते. पारितोषिकाचा वर्ग होता ‘ग्लोबल म्युझिक’. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन गेले.