महाड-पोलादपुरातील तेलव्यापार : विक्रेता-संघाची पूर्वपीठिका

पेट्रोल, रॉकेल व गॅस यांच्या विक्रेत्यांचे आजचे संघ पाहिले म्हणजे त्यांचे मूळ जुन्या तेली ज्ञातींच्या व्यवस्थेत शोधण्याचा मोह होतो. महाड व पोलादपूर या सावित्रीकाठच्या तालुक्यांपुरता तरी तो आवरावा लागेल.

येथील डोंगरउतारांच्या वरकस जमिनीत कारळे व तीळ होत आणि घाण्यावर त्यांचे तेल निघे. या धंद्याची शिस्त ज्ञातीच्या हाती होती. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासून रायगड) शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल ‘शनवार तेली’ म्हणून, तर सोमवार पाळणारे हिंदू तेली ‘सोमवार तेली’ म्हणून ओळखले जात. विसाव्याच्या वारावरून धंदेवाल्याची ओळख पटावी, ही गोष्ट बोलकी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी रॉकेल मुंबईस उतरू लागले. चार गॅलनचा पत्र्याचा डबा होडीत, बैलगाडीत, प्रसंगी डोक्यावरूनही नेता येई. बाणकोटच्या खाडीतून दासगाव-महाडपर्यंत जलमार्ग आणि पुढे पोलादपुरावरून आंबेनळी घाट, अशा वाटेवरील पेठेस हा माल सोयीचाच होता. (रिकामा डबा पाणी भरण्यास उपयोगी पडे, हेही विसरू नये.) दिव्याचे गिऱ्हाईक घाण्याकडून गेले, स्वयंपाकाचे तेवढे राहिले.

नवा विक्रेता मात्र एकटा होता. १९२८ मध्ये स्थापन झालेली बर्मा-शेल काय किंवा तिची प्रतिस्पर्धी कंपनी काय, करार प्रत्येक एजंटाशी स्वतंत्रपणे होई. शेजारचा एजंट हा सहव्यवसायी नसून प्रतिस्पर्धीच ठरे. ज्ञातीचे बंधन गेले आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

एकत्र येण्याची निकड निर्माण केली ती सरकारी नियंत्रणांनी. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने साठ्यावर परवान्याचे बंधन घातले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले. १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा त्यापुढचा. भाव व कोटा वरून ठरू लागताच निरनिराळ्या कंपन्यांच्या विक्रेत्यांचे गाऱ्हाणे एकच झाले, आणि ते मामलतदारापुढे एकट्याने मांडून भागण्यासारखे नव्हते. १९७४ ते १९७६ या काळात विदेशी तेलकंपन्या सरकारच्या ताब्यात आल्यावर कमिशनचा प्रश्नही दिल्लीकडे गेला. तालुक्याच्या पेठेतील दुकानदारास जिल्हा व राज्य पातळीवरील संघाचा आधार घेणे त्यामुळे अपरिहार्य झाले. रॉकेल विक्रेत्यांच्या एकीचा पाया कोटा हाच असल्याने, घरोघर गॅस पोहोचून तो आटला तशी तीही विरत गेली.