चांद्याच्या वीरशाहाची समाधि

आमच्या बोदलकशापासून चांद्यापर्यंत पसरलेल्या झाडीमंडळांत गोंड राजांची आठवण सांगणारीं स्थळें पुष्कळ. पण राजकुलाच्या समाधि एकत्र पाहावयाच्या तर चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, अंचलेश्वराच्या देवळालगतच जावें लागतें. तेथील सर्वांत भव्य घुमटाकार समाधि राणी हिराईनें पति वीरशाह याच्यासाठीं बांधविली. तिला विदर्भाचा ताजमहाल म्हणण्याची हौस आम्हांस रुचत नाहीं. त्या उपमेनें मुख्य गोष्टच झांकली जाते.

प्रथम काळाचा प्रश्न. मेजर लूसी स्मिथ याच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालांतील वंशावळ बहुतांशीं स्थानिक परंपरेवर उभी असून तींत वीरशाहाचा अंत १६७२ च्या सुमारास पडतो. परंतु औरंगजेबाच्या दरबारचा इतिहास १६८३-८४ मध्यें रामसिंहास काढून किशनसिंहास चांद्याची गादी दिल्याचें सांगतो, आणि वीरशाह तर या किशनसिंहाचा पुत्र. तेव्हां मृत्यूचें १७०४ हेंच साल ग्राह्य धरणें प्राप्त आहे.

मृत्यूची कथा परंपरेची आहे. कन्येचा अपमान करणाऱ्या देवगडच्या जांवयाचें शिर राजानें महाकालीस वाहिलें. पुढें दुसऱ्या विवाहाच्या प्रसंगीं हिरामण नामक रजपूत रक्षकानें राजाचाच घात केला. कथेंतील रंग वगळला तरी राजास औरस पुत्र नव्हता, एवढें उरतेंच. हिराईनें आप्तांपैकीं रामशाह यास दत्तक घेतलें व १७१९ पर्यंत त्याच्या नांवें कारभार पाहिला.

आतां जागेची निवड पाहा. व्याधिग्रस्त खांडक्या बल्लाळशाह झरपट नदीच्या ज्या कुंडांतील पाण्यानें बरा झाला, तेथेंच अंचलेश्वर उभा राहिला व पुढें चांदा वसलें, अशी आख्यायिका आहे. त्याच भूमीवर पतीची समाधि उभारून हिराईनें मूळपुरुषापासून दत्तकापर्यंतची परंपरा जणूं दगडांत मांडली. केवळ शोक असता तर एवढा घुमट नको होता. आमच्या मतें ही समाधि म्हणजे वारसाहक्काचा लेखच होय. रामशाहानें पुढें १७३५ पर्यंत राज्य केलें. १७५१ मध्यें मात्र नागपूरकर भोसल्यांनीं तें घेतलें.

१७०४ ते १७१९ या वर्षांतील हिराईच्या वा रामशाहाच्या नांवाची सनद अथवा दानपत्र कोणा संग्राहकापाशीं असल्यास त्यांनीं त्याची नक्कल मंडळाकडे अवश्य धाडावी.