ताप, दाब आणि वेळ

परवा कुरकुंभहून पुतण्याचा फोन. आवाज रडवेला.

"काका, लाल जर्सीवरचे पांढरे नंबर गुलाबी झालेत. दोन-तीन जर्सींचे तर कोपरेच सुटलेत. संघवाले पैसे द्यायला तयार नाहीत."

प्रकरण असं. गावातल्या कबड्डी संघाच्या बारा जर्सी. हायवेवरच्या रेडियमच्या दुकानातून याने व्हिनाइलचे नंबर कापून आणले आणि घरच्या इस्त्रीने चिकटवले. (नंबर प्लेट आणि ट्रकवरची नावं कापून देणाऱ्याला आपण रेडियमवाला म्हणतो. रेडियम तिथे औषधालाही नसतं.) आता त्याला मशीन घ्यायचं होतं. पैसे वहिनींच्या भिशीचे, म्हणजे एकदाच मिळणारे. "कुठलं घेऊ तेवढं सांगा."

मी काही छपाईवाला नव्हे. पण एखादी वस्तू अशी का झाली, हे मागे जाऊन शोधायची मला खोड आहे. म्हटलं, दोन दिवस दे.

आमच्या आजीच्या भरतकामाची आठवण झाली. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायची, सुईने भोकं पाडायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने वरून फिरवायची. याला खाका म्हणत. तिकडे मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीने 1870 च्या दशकात हेच काम गरम इस्त्रीवर आणलं. कागदावर छापलेली नक्षी कापडावर उलटी ठेवायची, इस्त्री फिरवायची, रेघा कापडावर उतरतात. एखादी रेघ फिकट आली तरी बिघडत नसे, कारण वरून दोऱ्याने ती झाकायचीच असे. म्हणून तिथे इस्त्री पुरली. आमच्या चिरंजीवांना मात्र नंबर झाकायचा नव्हता, टिकवायचा होता!

आता इस्त्रीकडे बघा. कोळशाच्या इस्त्रीचा परीट ओल्या बोटाने ताप जोखायचा. विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी 1882 मध्ये घेतलं. ताप आपोआप राखणारा थर्मोस्टॅट 1920 च्या दशकात आला. एवढं सगळं बदललं, पण इस्त्रीचं मूळ काम तेच राहिलं: फिरणं. थांबली की कापड जळतं. वाफेची असेल तर तळाला भोकं, म्हणजे तेवढ्या जागी ना ताप ना दाब. आणि हाताचा भार कधी टोकावर, कधी मागे.

एका जागी स्थिर राहून सगळीकडे सारखं दाबणं हे दुसऱ्याच घराण्याचं काम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॉफमन प्रेस आला. खाली पाट, वर गरम पाट, मध्ये कपडा आणि दांडा ओढला की मिटलं. आजचा हीट प्रेस दिसायला इस्त्रीचा मोठा भाऊ वाटतो, पण मला तो या प्रेसचा वंशज वाटतो.

मग व्हिनाइलची गोष्ट. मऊ, लवचिक पीव्हीसी 1926 मध्ये वाल्डो सेमन यांनी केलं. पॉलियुरेथेन 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी. कपड्यावरचं आजचं 'व्हिनाइल' बहुतेक वेळा हे दुसरंच असतं, नाव मात्र जुनं चिकटलं आहे. त्याच्या पाठीला गोंदाचा थर. साधारण 150 अंशांच्या आसपास तो वितळतो, दाबाने धाग्यांत शिरतो आणि दहा-पंधरा सेकंदांत पकडतो. ताप, दाब, वेळ. तिघांपैकी एक कमी पडला की कोपरा सुटलाच.

आणि गुलाबी रंग? त्याचं उत्तर 1957 मध्ये आहे. फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांच्या लक्षात आलं की पॉलिएस्टरचे काही रंग तापले की द्रवरूप न होता थेट वाफ होतात आणि दुसऱ्या कापडात शिरतात. यातूनच सब्लिमेशन छपाई निघाली. आमच्या जर्सीत नेमकं तेच घडलं, फक्त कुणी न बोलावता. इस्त्री सुतीच्या खुणेवर, म्हणजे 200 अंशांच्या जवळपास. लाल रंगाची वाफ झाली आणि पांढऱ्या नंबरात जाऊन बसली. एकाने ज्यावर धंदा उभा केला, त्याच गोष्टीने दुसऱ्याचा बसवला :-)

हे नंबरांचं वेडही तसं अलीकडचं. 1992 च्या विश्वचषकात रंगीत कपडे आले आणि खेळाडूंची नावं पाठीवर आली. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि लाल मातीतल्या पोरांनाही पाठीवर नाव हवंसं झालं. त्यात गैर काय आहे?

तर पुतण्याला मी सांगितलं ते असं.

शिंपल्यासारखा मिटणारा प्रेस जागा कमी खातो, स्वस्त पडतो. पण बिजागरी मागे असल्याने जाड कपड्यावर मागच्या बाजूला जास्त दाब येतो आणि हात तापलेल्या पाटाखाली जातो. वरचा पाट बाजूला वळणारा प्रेस जागा खातो, पण सरळ खाली बसतो आणि हात वाचतो. जागा असेल तर हाच घे. 38 बाय 38 सेंटीमीटरचा पाट पुरे.

दुकानात डिजिटल आकड्याला भुलू नको. तो एकाच जागचा ताप सांगतो. पाट मधोमध आणि चारी कोपऱ्यांत मोजून घे. चार कोपऱ्यांत कागदाच्या पट्ट्या ठेव, प्रेस थंड असताना मिट आणि ओढून बघ. एखादी सहज निघाली तर तिथे दाब नाही.

मशीनच्या आधी वीज बघ. दीड हजार वॉटच्या पुढचा प्रेस साध्या प्लगवर लावू नको, 16 अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग हवंच. 230 ऐवजी 190 व्होल्ट आले तर शक्ती एक तृतीयांशाने घटते. पाट पुन्हा तापेपर्यंत थांबायची सवय ठेव.

पॉलिएस्टरला कमी तापाचं, रंग अडवणारा थर असलेलं व्हिनाइल. कुठलंही काम घेण्याआधी चिंधीवर करून धुऊन बघ.

आणि शेवटची गोष्ट, ती तुमच्या गावाची. फिरंगाईच्या नवरात्रात मंडळांचे टीशर्ट खुशाल कर. पण कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. उद्या कुणी कंत्राटदार आग रोखणारे बॉयलर सूट घेऊन येईल आणि म्हणेल, पाठीवर नाव टाक. ते साध्या व्हिनाइलने करायचं नाही. जे तापाने चिकटतं ते आगीत वितळतं, माणसाच्या अंगावर. त्या कपड्याला चालेल असा बिल्ला शिवून घ्यायला सांग आणि पैसे जाऊ दे.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, एक असं काम आलंय."

"मग?"

"नाही म्हणून सांगतो."

महिन्याभराने त्याने बाजूला वळणारा प्रेस घेतला. पॉइंट आधी बसवला. पहिलं काम म्हणजे त्याच बारा जर्सी, नव्या कापडाच्या, स्वतःच्या खर्चाने. भिशीचे पैसे वसूल व्हायला अजून वेळ आहे. पण ताप आणि दाब जमल्यावर वेळ द्यावाच लागतो.

असो.